बोट दारात, पण शिडी कुठाय?

‘खलाशी’ या शब्दाचं स्त्रीलिंगी रूप काय हो? बघा आठवून. शिक्षक-शिक्षिका, गायक-गायिका पटकन सुचतं. खलाशाचं मात्र काही केल्या सुचत नाही. ‘तांडेल’चं ‘तांडेलीण’ होतं, पण तांडेलीण म्हणजे बोट हाकणाऱ्याची बायको. बोट हाकणाऱ्या बाईला आपल्या भाषेत नावच नाही, कारण तिची गरजच कधी कुणाला पडली नाही.

मैत्रिणींनो, आज जरा लांबच्या गावाला जाऊ या. इतकं लांब, की तिथे जायला रस्ताच नाही. पण तिथल्या बायका-पोरींचा प्रश्न ऐकलात, तर म्हणाल, अगं बाई, हे तर आपल्याच शेजारचं दिसतंय!

कॅनडाच्या अगदी उत्तरेला ‘नुनावुट’ नावाचा प्रदेश आहे. १ एप्रिल १९९९ रोजी तो वेगळा झाला. नुनावुट म्हणजे ‘आपली भूमी’. कॅनडाच्या एकूण जमिनीचा साधारण पाचवा हिस्सा एवढा हा अवाढव्य मुलूख, आणि २०२१ च्या जनगणनेत तिथली माणसं किती, तर अवघी ३६,८५८! आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. त्यातले बहुतेक सगळे इनुइट. पूर्वी त्यांना ‘एस्किमो’ म्हणत, आता तो शब्द त्यांना आवडत नाही. वस्त्या २५. एका वस्तीतून दुसरीत जायला रस्ता नाही, रेल्वे नाही. विमान, नाहीतर बर्फ वितळल्यावर बोट. बेकर लेक नावाचं एक गाव सोडलं, तर सगळ्या वस्त्या समुद्राच्या काठावर.

म्हणजे समुद्र अगदी उंबऱ्याशी. आता त्यांची ‘आगोट’ ऐका.

कोकणातल्या बायांना आगोट सांगायला नको. पाऊस लागायच्या आधी घरात मीठ-मिरची, डाळ-तांदूळ, सुकी मासळी, जळण, सगळी बेगमी करून ठेवायची. नुनावुटमध्ये ही बेगमी पावसासाठी नसते, बर्फासाठी असते, आणि चार महिन्यांची नसते, वर्षाची असते. समुद्रावरचं बर्फ सुटलं की साधारण जुलै ते ऑक्टोबर एवढ्याच दिवसांत दक्षिणेकडून मालाच्या बोटी येतात. याला तिकडे ‘सीलिफ्ट’ म्हणतात. पीठ, साखर, डबाबंद अन्न, बाळाचे लंगोट, साबण, मोटारी, घर बांधायचं लाकूड, सगळं बोटीनं येतं. वर्षभर दिवे आणि शेगड्या ज्यावर चालायच्या ते डिझेलसुद्धा बोटीनंच. विमानानंही माल येतो, पण भाव ऐकून घेरी येईल. म्हणून घराघरात बायका आधीपासून याद्या करतात. वर्षाला पीठ किती लागेल, लंगोट किती लागतील! यादीत काही राहिलं, की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबा, नाहीतर दामदुप्पट मोजा.

आणि बोट आली तरी ती धक्क्याला लागते कुठे? बहुतेक गावांना धक्काच नाही. बोट खोल पाण्यात नांगर टाकते. मग तिच्याच पोटातून छोटी टग बोट आणि सपाट तराफा, म्हणजे बार्ज, पाण्यात उतरवतात. भरतीची वेळ साधून बार्ज किनाऱ्यावर आणायची, भराभर माल उतरवायचा, ओहोटी लागायच्या आत परत फिरायचं. राजधानी इकालुइतला भरती-ओहोटीतला फरक अकरा-बारा मीटरपर्यंत जातो, म्हणजे तीन मजली घराएवढा! आपल्या आज्या सांगायच्या ना, आगबोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं होड्यांतून, पडावांतून किनाऱ्याला लागायची, थेट तसंच. फरक इतकाच, की तिथलं पाणी हाडं गोठवणारं.

आता मुद्द्याकडे येते. या बोटींवर काम कोण करतं? दोर कोण ओढतं, टग कोण चालवतं, बार्जवर उभं राहून कंटेनरचे आकडे कोण सोडवतं? वर्षानुवर्षं ही माणसं दक्षिणेकडूनच यायची. तीच गत मासेमारीची. ग्रीनलंड आणि कॅनडा यांच्यामधल्या डेव्हिस सामुद्रधुनीत, बॅफिन उपसागरात ‘टर्बट’ नावाचा चपटा मासा आणि थंड पाण्यातली कोळंबी भरपूर मिळते. मोठमोठ्या ट्रॉलर बोटी तिथेच जाळं ओढतात, तिथेच मासा साफ करून गोठवतात. समुद्र नुनावुटच्या दारातला, पण बोटीवरचे खलाशी बव्हंशी न्यूफाउंडलंडकडचे, माल उतरायचा तोही दूरच्या बंदरात. दारातून लक्ष्मी जाते आणि घरातल्या पोरांना नोकरी नाही, अशी अवस्था.

मग इनुइट लोकांनी आग्रह धरला, की मासे पकडायच्या हक्कात वाटा द्या, आणि बोटीवरच्या कामातही द्या. हक्क हळूहळू मिळत गेला. पण काम? ‘तुमच्या पोरांना येतं कुठे? सर्टिफिकेट कुठाय?’ हा प्रश्न आलाच. आणि तो अगदीच खोटाही नव्हता. बाप-आजोबांबरोबर लहान होडीतून सीलची शिकार करणं वेगळं, आणि शंभर-दोनशे फुटी बोटीवर पाळीनं काम करणं वेगळं.

यावर तिथल्या लोकांनी काय केलं, ते मला फार मोलाचं वाटतं. २००५ मध्ये सरकार, मासेमारी कंपन्या आणि इनुइट संस्था यांनी मिळून इकालुइतला एक प्रशिक्षण संस्था उभी केली. आज तिचं नाव ‘नुनावुट फिशरीज अँड मरीन ट्रेनिंग कन्सॉर्टियम’. सुरुवात मासेमारीपासून झाली, पुढे मालवाहू बोटींचं कामही त्यात आलं. तिथे अगदी पहिल्या पायरीचा वर्ग असतो, तो डेकहँडचा, म्हणजे डेकवरच्या खलाशाचा. काही आठवड्यांचं शिक्षण. पदवी नको, आधीचा अनुभव नको.

शिकवतात काय? आधी जीव वाचवायला शिकवतात. लाइफ जॅकेट कसं घालायचं, अंगभर बसणारा रबरी ‘इमर्शन सूट’ झटपट कसा चढवायचा, उलटा पडलेला रबरी तराफा पाण्यात सरळ कसा करायचा. आग लागली तर कुठला सिलिंडर, कुठला पाइप. प्रथमोपचार. मग दोर आणि गाठी. दोर ताणलेला असताना कुठे उभं राहायचं नाही, कारण तुटलेला दोर माणसाचा पाय तोडतो. पहारा कसा द्यायचा, सुकाणू कसं धरायचं, रेडिओवर काय बोलायचं. गंज खरवडणं आणि रंग लावणं हेही आलंच. लोखंडी बोट म्हणजे आपलं जुनं घर, डागडुजी कधी संपतच नाही!

थंड पाण्याचा एक साधा हिशेब कॅनडात सगळीकडे शिकवतात, ‘एक-दहा-एक’. बर्फगार पाण्यात पडलात, तर पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायला. पुढची १० मिनिटं हातपाय तुमचं ऐकतील, तेवढ्यात काय ती सुटकेची धडपड करायची. आणि बुडाला नाहीत, तर गारठून शुद्ध हरपायला साधारण १ तास. गॉर्डन गीसब्रेख्त या कॅनडाच्या प्राध्यापकांनी हे सूत्र लोकांच्या तोंडी बसवलं. म्हणजे पडल्यावर लगेच मरण येत नाही, घाबरून श्वास सुटला तर येतं. ज्या गावातली माणसं जन्मभर समुद्राकाठी राहतात, पण पाणी इतकं गार की पोहायला शिकणार कुठे, तिथे हे ज्ञान केवढं मोठं!

पण मला या संस्थेतलं सगळ्यात आवडलं ते वर्गाच्या बाहेरचं. समजा तुम्ही पाँड इनलेट नावाच्या दूरच्या वस्तीत राहता. इकालुइतला यायला विमानाशिवाय दुसरी वाट नाही, आणि ते भाडं गरीब घराला झेपणारं नाही. फुकट वर्ग ठेवलात, पण तिथवर पोचायची सोय केली नाहीत, तर तो वर्ग राजधानीतल्या पोरांसाठीच उरतो. म्हणून तिथे शिकायला येणाऱ्या इनुइट मुला-मुलींच्या प्रवासाचा, राहण्या-जेवणाचा खर्च शिकवणाऱ्यांनी उचलायचा, अशी पद्धत आहे. मग डॉक्टरी तपासणी आहे, सागरी खात्याची कागदपत्रं आहेत. गावातल्या पोराला इंग्रजी फॉर्म बघूनच धडकी भरते, त्याला तिथे हाताशी धरून पुढे न्यावं लागतं. आणि सर्वांत मोठी गोष्ट, मासेमारी कंपन्या या कामात पहिल्यापासून सामील. म्हणजे शिकवणारा एका खोलीत आणि नोकरी देणारा दुसऱ्या गावात, अशी फारकत नाही.

प्रशिक्षण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फळा, बाकं आणि सर्टिफिकेट येतं. खरं प्रशिक्षण घराच्या दारापासून सुरू होतं आणि पहिल्या पगारापाशी संपतं. मधली एक पायरी जरी गळली, तरी पोरगी खालीच राहते. आणि मग आपण म्हणतो, ‘आजकालच्या मुलींना कष्टच नकोत!’

नुनावुटमध्ये आणखी एक गाठ होती, मनातली. १९५० च्या सुमारास ‘सी. डी. हाउ’ नावाची सरकारी बोट दर उन्हाळ्यात या वस्त्यांना भेट द्यायची. बोटीवर डॉक्टर, एक्स-रे मशीन. त्या काळी क्षयरोग फार पसरला होता. गावकऱ्यांना बोटीवर न्यायचे, छातीचा फोटो काढायचे, आणि ज्याच्या फोटोत डाग दिसला त्याला पुष्कळदा परत किनाऱ्यावर उतरूच द्यायचे नाहीत. तिथूनच थेट दक्षिणेतल्या इस्पितळात. आईला लेकराचा निरोप घेता आला नाही, लेकरांना आई कुठे गेली ते कळलं नाही. काही तिकडेच वारले, त्यांना कुठे पुरलं तेही घरच्यांना वर्षानुवर्षं ठाऊक नव्हतं. मार्च २०१९ मध्ये पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी इकालुइतला येऊन याबद्दल जाहीर माफी मागितली.

विचार करा, ज्या गावात ‘बोट’ या शब्दाचा अर्थ ‘आपलं माणूस घेऊन जाणारी’ असा होता, त्या गावातल्या आजीला नात सांगते, ‘मी बोटीवर कामाला जाते.’ आजीच्या पोटात खड्डा पडणार नाही? म्हणून ज्याला या मुलांना शिकवायचं आहे त्यानं आजीशी बोललं पाहिजे, तिच्या भाषेत, इनुक्टिटुटमध्ये. नात किती आठवड्यांनी परत येईल, फोन लागेल का, आजारी पडली तर काय, हे सांगितलं पाहिजे. हा ‘मागासलेपणा’ नाही. या भीतीला कारण आहे, आणि कारण असलेल्या भीतीला उत्तर द्यावं लागतं.

आता बायकांची गोष्ट. उत्तरेकडच्या या लोकांच्या होड्या दोन तऱ्हेच्या. एक ‘कायाक’. निमुळती, एका माणसाची, शिकाऱ्याची. ती आता जगभर खेळ म्हणून वल्हवतात. दुसरी ‘उमियाक’. मोठी, उघडी, कातड्याची. तिच्यात अख्खं बिऱ्हाड बसायचं. मुलं, म्हातारी, कुत्री, तंबू, भांडी. आणि पुष्कळ ठिकाणी ही उमियाक वल्हवायच्या कोण, तर बायका! तिला ‘बायकांची होडी’ असंच नाव पडलं होतं. शिवायच्याही बायकाच. सीलचं कातडं असं शिवायचं, की टाक्यातून पाण्याचा थेंब आत येता कामा नये. कायाकचं कातडंही बाईच शिवायची. नवऱ्याचा जीव बायकोच्या टाक्यावर तरंगायचा म्हणा ना!

मग मोटारीच्या बोटी आल्या, लोखंडी जहाजं आली, सर्टिफिकेटं आली, आणि बाई किनाऱ्यावर राहिली. समुद्र तिला नवा नाही. तिच्या आणि समुद्राच्या मध्ये कागद आले, ते नवे आहेत. तंत्र बदलतं तेव्हा बाईच्या हातातलं काम असंच निसटतं, हे आपण आपल्याकडेही शेतीत, विणकामात पाहिलेलं आहेच की.

आज जगभरात काय चित्र आहे? २०२१ साली जहाजमालकांच्या जागतिक संघटनांनी खलाशांची मोजदाद मांडली. प्रमाणपत्र असलेल्या दर्यावर्दी लोकांत बायका १.२८ टक्के. शंभरात धड दोनसुद्धा नाहीत! २०१५ पेक्षा ही संख्या बरीच वाढली, असंही त्यात होतं. म्हणजे आधी किती थोड्या असतील, कल्पना करा. डेकहँड म्हणून नुनावुटची एखादी मुलगी बोटीवर चढते, तेव्हा ती या मूठभर बायकांतली एक होते.

‘पण हे का बाईचं काम?’ हा आक्षेप येणारच. जड दोर, थंडी, रात्रपाळी. मला सांगा, डोक्यावर मासळीच्या जड पाट्या घेऊन पहाटे बाजार गाठणाऱ्या कोळणीला हे विचारलंय कुणी? धान्याची पोती, पाण्याचे हंडे, दोन पोरं कडेवर, तेव्हा ताकदीची चौकशी कुणी करत नाही. पगार चांगला असला, की मगच बाईच्या ताकदीची काळजी सुरू होते! शिवाय आता जड ओढायला यंत्रं आहेत. डेकवर लागते ती सावधगिरी, शिस्त आणि सांगितलेलं ऐकायची सवय.

दुसरा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. वीस-पंचवीस पुरुषांत एकटी मुलगी, आठवडेच्या आठवडे, चारही बाजूंना पाणी. छेडछाड झाली तर पळणार कुठे? हा प्रश्न आईला पडलाच पाहिजे. जगातल्या खलाशांच्या शिक्षणाचे नियम ठरवणारा ‘एसटीसीडब्ल्यू’ नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, १९७८ चा. त्यात दुरुस्ती करून १ जानेवारी २०२६ पासून प्रत्येक खलाशाच्या अगदी सुरुवातीच्या शिक्षणात लैंगिक छळ रोखण्याचा धडा सक्तीचा केला आहे. खलाशांच्या हक्कांचा दुसरा करार आहे २००६ चा. त्यातली दुरुस्ती डिसेंबर २०२४ पासून लागू झाली. तिच्यात एक बारीकशी पण बायकांना लगेच कळेल अशी गोष्ट आहे. खलाशांना बूट, हातमोजे, सुरक्षेचे कपडे त्यांच्या मापाचे मिळाले पाहिजेत. आजवर बाईला पुरुषाच्या मापाचे बूट घालून ओल्या डेकवर चालावं लागायचं, आणि घसरली की म्हणायचे, ‘बघा, जमत नाही!’

हा दुसरा करार मासेमारीच्या बोटींना मात्र लागू नाही, हेही सांगायला हवं. म्हणजे जिथे नुनावुटच्या पोरींना सगळ्यात जास्त कामं आहेत, तिथेच ते छत्र नाही. नियम कागदावर आले म्हणून सगळं झालं असं नाही. माझं स्पष्ट मत आहे, मुलीला बोटीवर एकटी पाठवूच नये. जोडीनं पाठवावी, दोघी-तिघी मिळून. वेगळी केबिन, आतून कडी, तक्रार ऐकणारं किनाऱ्यावरचं एक माणूस, ज्याचा नंबर तिच्या आईकडेही असेल. हे ठरलं नसेल, तर प्रशिक्षण कितीही उत्तम असो, ते अर्धंच.

आणि तिसरी अडचण, जी पुरुषांच्या लक्षातच येत नाही. बोटींचा हंगाम म्हणजे तिकडचा उन्हाळा. त्याच दिवसांत माणसं तंबू घेऊन बाहेर पडतात, शिकार करतात, मासे वाळवतात, रानातली बोरं गोळा करतात. नेमकी तेव्हाच मुलगी बोटीवर. घरात लहान मूल असेल तर ते कुणाकडे? तिथे आजी आणि मावश्या मूल सांभाळतात, आपल्यासारखंच. म्हणजे एक बाई बोटीवर जाते तेव्हा दोन बाया घरी तिचं ओझं उचलतात. त्यांचा विचार न करता आखलेला अभ्यासक्रम बाईसाठी आखलेला नसतोच.

आता कुणी म्हणेल, एवढं करून शेवटी डेकहँडच ना? सगळ्यात खालची पायरी! हा टोमणा मला अर्धा पटतो. पहिली पायरी खालचीच असते, तिची लाज नको. डेकहँडच्या पुढे पहारा आणि सुकाणू सांभाळणारा खलाशी, त्यापुढे परीक्षा देऊन अधिकारी, आणि कधीतरी कप्तान. शिडी आहे. पण ती शिडी दुसऱ्या पायरीवरच तुटलेली असेल, इनुइट माणसं कायम डेकवर आणि दक्षिणेकडची कायम वर ब्रिजमध्ये अशी वाटणी होणार असेल, तर ते जुनंच दुखणं नव्या कपड्यांत. म्हणून पहिल्या वर्गात किती जण बसले हे विचारू नका. पाच वर्षांनी त्यातल्या किती जणी वर चढल्या, ते विचारा.

आणि इथे मला आपला किनारा आठवतो. रत्नागिरीकडचे खलाशी इंग्रज कंपन्यांच्या बोटींवर पिढ्यान् पिढ्या गेले. सारंग, तांडेल, सुकाणी हे आपल्याकडचे शब्द त्या बोटींवर चालायचे. नव्हा बंदरातली ‘रहमान’ ही खलाशी घडवणारी संस्था १९१० सालची. म्हणजे ही वाट आपल्याला शंभर वर्षांहून जुनी आहे. पण तिच्यावरून गेले ते मुलगे. बायकांच्या वाट्याला आली मनीऑर्डरची वाट पाहणं आणि दर अमावास्येला समुद्राकडे बघून हात जोडणं.

आजही दहावी विज्ञान, गणित, इंग्रजी घेऊन पास झालेल्या, साडेसतरा ते पंचवीस वयाच्या मुलांसाठी ‘जीपी रेटिंग’ नावाचा सहा महिन्यांचा निवासी कोर्स आहे. तोच आपला डेकहँडचा रस्ता. त्याला मुलींची बंदी नाही. मग मुली दिसत का नाहीत? आपल्या देशातल्या राधिका मेनन मालवाहू जहाजाच्या कप्तान झाल्या, बुडणाऱ्या होडीतल्या सात मच्छिमारांना त्यांनी २०१५ च्या वादळात वाचवलं, आणि २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार घेतला. म्हणजे वर पोचलेली बाई आहे. खालच्या पायरीवर, दहावी पास झालेल्या साध्या घरातल्या मुलीसाठी मात्र वाट जवळजवळ मोकळीच पडली आहे. कारण नुनावुटमध्ये जो खर्च शिकवणारा उचलतो, तो आपल्याकडे बाप कर्ज काढून भरतो. फी लाखांत. आणि मुलीसाठी लाखभर कर्ज? ‘त्यात तिचं लग्न होईल!’ हे उत्तर तयार असतं.

वर पुन्हा फसवणारे आहेतच. ‘कोर्स करा, परदेशी बोटीवर नोकरी पक्की, वर अमुक लाख द्या,’ असं सांगणारे एजंट गावोगाव फिरतात. म्हणून मैत्रिणींनो, मुलगा असो की मुलगी, पैसे मोजण्यापूर्वी चार गोष्टी विचाराच. संस्थेला नौवहन महासंचालनालयाची, म्हणजे डीजी शिपिंगची मान्यता आहे का? त्यांच्या यादीत नाव स्वतः बघा, छापील पत्रकावर विश्वास ठेवू नका. नोकरी लावणाऱ्या कंपनीकडे ‘आरपीएसएल’ हा परवाना आहे का? तोही तिथेच तपासता येतो. गेल्या वर्षी या कोर्समधून किती मुलं खरोखर बोटीवर चढली? नावानिशी विचारा, त्यांच्या घरी फोन करा. आणि चौथी गोष्ट पक्की लक्षात ठेवा. २००६ च्या ज्या कराराचा मी मघाशी उल्लेख केला, तो भारतानं २०१५ मध्ये मान्य केला आहे. त्यानुसार नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. पासपोर्ट, डॉक्टरी तपासणी, खलाशाचं ओळखपुस्तक यांचा खर्च वेगळा. नोकरीसाठी म्हणून कुणी लाख मागितले, तर तिथूनच मागे फिरा.

पण ही झाली आपापली सावधगिरी. तेवढ्यावर थांबून चालणार नाही. नुनावुटची अवघी ३६-३७ हजार माणसं जर मागू शकली, की आमच्या दारातल्या समुद्रावर आमच्या मुलांना काम द्या, शिकवा, आणि शिकायला जायचं भाडंही द्या, तर आपल्या किनाऱ्यावरच्या पंचायतींनी, मच्छिमार सोसायट्यांनी, महिला मंडळांनी का मागू नये? जिल्ह्याच्या ठिकाणी पहिल्या पायरीचा वर्ग, मुलींच्या राहण्याची सोय, फीसाठी कर्जाऐवजी शिष्यवृत्ती, आणि एका वेळी निदान चार-पाच मुली, म्हणजे एकटीला भीती नको. पुढच्या ग्रामसभेत उठून एवढं एक वाक्य जरी कुणी बोललं, तरी ते इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.

तुमच्या गावात दहावी पास झालेली, समुद्राला न घाबरणारी एखादी मुलगी असेलच. तिच्या लग्नाची चौकशी नेहमीच होते. यंदा एकदा तिच्या कामाची चौकशी करा. शब्दाचं काय, ती एकदा डेकवर उभी राहिली की तिला काय म्हणायचं ते भाषा आपोआप ठरवेल.